गाण्याचा अंगरखा
मराठी ध्वनिमुद्रिकांची वेष्टने, त्यांच्या जाहिराती आणि दूरचा श्रोता

गाणे डोळ्यांना दिसत नाही; तथापि गाणे ऐकण्याची तयारी मात्र पुष्कळ अंशी डोळेच करीत असतात. मैफलीत गायक समोर बसलेला असतो. त्याचा पोशाख, साथीला कोण आहेत, तंबोरे किती जुळविले आहेत, बैठक देवळाच्या सभामंडपात आहे, दिवाणखान्यात आहे की तमाशाच्या कनातीत आहे, यांवरून आता काय ऐकावयाचे आहे याची सूचना श्रोत्यास आपोआप मिळते. ध्वनिमुद्रणाची कला आली आणि कंठ व कंठाचा धनी यांची फारकत झाली. आवाज तेवढा घरी आला. बैठक, पोशाख, साथीदार आणि आजूबाजूचे रसिक मागेच राहिले. ही उणीव भरून काढण्याचे काम कागदावर येऊन पडले. तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेली चकती, तिचे पाकीट, तिच्याबरोबर निघणारी यादी आणि वर्तमानपत्रातील जाहिरात या सर्वांनी मिळून गाण्याला एक अंगरखा शिवला. नाट्यपदाचा अंगरखा निराळा, अभंगाचा निराळा, लावणीचा त्याहून निराळा. या अंगरख्याची कथा कालक्रमाने सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही कथा मरोद्याच्या अंकात कशासाठी, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. त्याचे उत्तर आपल्या येथे येण्यातच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि या माळावर देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. त्यांत मराठी माणसेही होती. नागपूर येथून लोहमार्गाने अवघे २६५ किलोमीटरांच्या आसपास. १९५६ पर्यंत तर दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होते. तरीही पुण्यामुंबईची नाटके, पंढरीची वारी, गिरगावातील गणेशोत्सवाचे मेळे मरोद्याच्या वसाहतीपासून दूरच. ज्याला मैफल हाकेच्या अंतरावर आहे त्याला तबकडी ही सोय वाटते; ज्याला मैफल दुर्लभ आहे त्याची तबकडी हीच मैफल होते. म्हणून त्या तबकडीच्या पाकिटावर काय लिहिले आहे, हे दूरच्या श्रोत्याइतके कोणी निरखून वाचीत नाही.

आरंभी मात्र हे पाकीट मुकेच होते. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या त्या वेळी जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कारागिरांना ना आपली भाषा कळे ना राग. कोणाची तबकडी कोणती हे ओळखता यावे म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारी. म्हणजे गाण्याचे पहिले वेष्टन कागदाचे नव्हते, आवाजाचेच होते. पुढे लाखेच्या तबकड्यांचा व्यापार वाढला. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. तबकडी साध्या कागदी पाकिटात येई आणि मधोमध पाडलेल्या वर्तुळाकार भोकातून चकतीवरील अक्षरे दिसत. त्या पाकिटावर गायकाचे चित्र नसे; असे ती कंपनीची, यंत्राची, सुयांची नाहीतर दुकानदाराची जाहिरात. आत बालगंधर्वांचे पद असो की एखाद्या हरिदासाचे आख्यान असो, बाहेरचा कागद तोच.

याच काळातील एक चित्र मात्र घरोघर पोहोचले. कर्ण्यापुढे बसून कान टवकारणारा तो श्वान! फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराने आपल्या निपर नावाच्या कुत्र्यावरून ते चित्र काढले होते. आरंभी त्यात दुसऱ्याच प्रकारचे यंत्र होते. १८९९ साली कंपनीने ते विकत घेतले तेव्हा चित्रकाराकडून तेथे ग्रामोफोन रंगवून घेतला. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील या सर्वांत गाजलेल्या जाहिरातीत गाणारा कोठेच नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चित्र आहे ते ऐकणाऱ्याचे. ज्याचा आवाज येतो तो धनी दूर आहे, आणि आवाज ओळखू आला यातच ऐकणाऱ्याचे समाधान आहे. वेष्टनकलेचे सारे मर्म या एका चित्रात सामावलेले आहे. वेष्टन गायकाची शोभा वाढविण्यासाठी असते असे आपण समजतो. वस्तुतः ते श्रोत्यासाठी असते.

पाकीट मुके असल्यामुळे बोलण्याचा सारा भार चकतीवर आणि कंपनीच्या यादीवर पडला. चकतीवर जागा ती केवढी! पण तेवढ्यात मराठी श्रोत्याला हवे ते बहुतेक सांगितले जाई. नाट्यपद असेल तर नाटकाचे नाव आणि अनेकदा राग. 'सौभद्र' (१८८२), 'शारदा' (१८९९), 'मानापमान' (१९११), 'स्वयंवर' (१९१६) ही नावे छापली की निराळ्या वर्णनाची गरजच उरत नसे. नाटकाचे नाव हेच गाण्याचे चित्र होते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पडदा, पायपेटी आणि शालू नेसलेले बालगंधर्व आपोआप उभे राहत. कंपन्यांच्या मासिक याद्यांत गायकांची छायाचित्रे येत, पदांचे शब्द छापलेले असत. पद ऐकता ऐकता शब्द समोर धरून म्हणण्याची सोय या याद्यांनी केली आणि रंगभूमीपासून कोसभर दूर राहणाऱ्या घरांतही नाट्यपदे पाठ झाली.

चकतीवरील नावांमागील विशेषणे हा तर सामाजिक इतिहासाचाच एक कागद आहे. कोणाच्या नावामागे 'प्रोफेसर', कोणाच्या 'मास्टर', कोणाच्या 'मिस'. काही नावांपुढे कंसात 'अमॅच्युअर' असे छापीत. त्याचा अर्थ केवळ 'हौशी' एवढाच नव्हता. गाणे हा ज्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय आहे अशांपैकी हे नव्हेत, हे 'घरंदाज' आहेत, अशी हमी तो शब्द गिऱ्हाइकास देत असे. ज्या स्त्रियांनी गाण्याची परंपरा कोठ्यांवर आणि देवळांत जिवापाड जतन केली, त्यांचे गाणे मध्यमवर्गीय घरात आणताना त्यांच्यापासूनच अंतर राखण्याची ही युक्ती होती. गाण्याच्या प्रकारास साजेसे वेष्टन म्हणजे केवळ रंगरेषांचा मेळ नव्हे. कोणते गाणे कोणत्या घरात जाईल याचा तो समाजाने केलेला निवाडाही असतो. लावणीला हा निवाडा फार काळ भोगावा लागला.

१९३० नंतरच्या दशकात भावगीताचा उदय झाला आणि अंगरख्याचे कापड बदलले. या प्रकाराच्या पहिल्या शिलेदारांत वऱ्हाड-नागपूरकडील दोन माणसे आहेत, याचा आपल्यासारख्यांना विशेष आनंद वाटावा. गो. ना. जोशी हे खामगावचे, शिक्षण नागपूरचे आणि पदवी वकिलीची, ना. घ. देशपांडे हे मेहकरचे कवी. देशपांडे यांची कविता जोशींनी गाऊन तबकडीवर आणली आणि मराठी घरांना नाटकाबाहेरचे, मैफलीबाहेरचे असे एक नवे गाणे मिळाले. पुढे जोशी स्वतः ग्रामोफोन कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले. भावगीताचा वेष कोणता, तर कवितेचा. नाट्यपदास नाटकाचे नाव आधार देई. भावगीतास कवीचे नाव आधार देऊ लागले. कवितासंग्रह विकत घेणारा वाचक आणि तबकडी विकत घेणारा श्रोता हे एकच गिऱ्हाईक आहे, हे ओळखून ही नवी ओळख घडविली गेली. त्याच सुमारास, १९३५ साली, मुंबईत 'यंग इंडिया' या नावाच्या तबकड्या निघू लागल्या. परकीय कंपन्यांच्या बाजारात त्या नावानेच निम्मी जाहिरात केली होती. स्वदेशीचा अर्थ समजावून सांगण्याची त्या दिवसांत कोणालाच गरज नव्हती.

इकडे ही स्थिती असताना अमेरिकेत वेष्टनाला खरोखरीचा चेहरा मिळाला. तेथे अनेक तबकड्या एकत्र विकताना छायाचित्रांच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालीत. 'अल्बम' हा शब्द तेथून आला. त्या वह्या बाहेरून करड्या, तपकिरी, अगदीच निस्तेज असत. १९४० साली कोलंबिया कंपनीतील अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्यांवर गाण्याच्या स्वभावाप्रमाणे चित्र काढण्याची प्रथा सुरू केली. १९४८ साली त्याच कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँगप्ले तबकडी बाजारात आणली आणि तिच्याबरोबर सुमारे ३१ सेंटिमीटर लांबीरुंदीचे चौकोनी पाकीट जगभर पसरले. चित्रकाराला एवढा फलक मिळाला आणि मागील बाजूस लेखकाला चांगले पानभर मजकूर लिहिण्याची सोय झाली.

मराठी संगीताला हा फलक मिळाला तेव्हा त्यावर काय काढावे याची शिदोरी आपल्याजवळ आधीच होती. १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने देवदेवतांचे चेहरे घरोघर पोहोचविले होते. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी दिवाळी अंकांचा वाचक रंगसंगतीला सरावला होता. त्यातूनच प्रत्येक गानप्रकाराची एक चित्रलिपी स्थिर होत गेली. अभिजात गायनाच्या पाकिटावर गायकाची मुद्रा, तंबोऱ्याची दांडी, गडद पार्श्वभूमी आणि अक्षरे थोडकी. मागे राग, ताल, बंदिशीचे बोल आणि घराण्याची हकीकत. अभंगासाठी वीट, टाळ, वीणा आणि चंद्रभागेचे वाळवंट. कोळीगीतासाठी शिडाची होडी. लावणीसाठी नऊवारी, ढोलकी आणि चाळ. पोवाड्यासाठी डफ आणि गडाचा बुरूज. वाचता न येणाऱ्या माणसालाही दुकानाच्या फळीवरून आपले गाणे उचलता यावे, एवढी ही लिपी सुबोध होती.

शेजारच्या छत्तीसगढी गाण्यातही हेच दिसते. आपल्या भिलाईजवळच्या गनियारी गावच्या आणि भिलाई इस्पात कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंना २०१९ साली पद्मविभूषण मिळाले. त्यांचा मोरपिसे लावलेला उंचावलेला तंबुरा एकदा पाहिला की पंडवानी म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. तोच तंबुरा कथेत कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य. एका वस्तूत सारा गानप्रकार उभा करणे ही चित्रकाराची कसोटी. येथे तर ती कलावंतानेच उतरवून ठेवली आहे.

परंतु वेष्टनाचे सामर्थ्य चित्रापेक्षा रचनेत अधिक असते. 'गीतरामायणा'चे उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून गदिमांचे पहिले गीत प्रसारित झाले आणि वर्षभरात छप्पन्न गीते झाली. जुन्या लाखेच्या तबकड्यांवर, दोन बाजूंना दोन गीते या हिशेबाने, त्यांना अठ्ठावीस तबकड्या लागल्या असत्या. आणि ही गीते तीन मिनिटांत आटोपणारी नसल्याने त्याहूनही अधिक. त्यांतली एखादी फुटली की कथा खंडित. १९६५ साली सुधीर फडके यांच्या आवाजातील हे रामायण लाँगप्ले तबकड्यांवर आले, तेव्हा कथेचा क्रम टिकला, बालकांडापासून पुढे काही न गाळता ऐकता येऊ लागले. हा संच म्हणजे गाण्यांचा गठ्ठा राहिला नाही, ती पोथी झाली; आणि पोथीप्रमाणेच तो ओळीने ऐकावयाचा असतो हे श्रोत्यांनी न सांगता मानले. तसेच 'शिवकल्याण राजा'चे. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ साली ही तबकडी निघाली. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, लतादीदींचा आवाज आणि गीतांना जोडणारे बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन. येथे प्रसंग, वर्ष आणि निवेदन हाच अंगरखा होता, चित्र त्यानंतरचे.

कधी केवळ शीर्षकच सर्व काम करते. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे गाऊन त्या कार्यक्रमास आणि तबकडीस नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. 'उमजलेले' या एका शब्दात केवढे शहाणपण आहे! ही नक्कल नाही, ही स्पर्धा नाही, एका गायकाने दुसऱ्याचे केलेले हे वाचन आहे, असे गाणे सुरू होण्यापूर्वीच श्रोत्यास सांगून टाकले. तो शब्द नसता तर अर्धे श्रोते तुलना करीत बसले असते. देवासला, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहून या कलावंताने हे केले, हेही आपण ध्यानात ठेवावे.

मग ध्वनिफीत आली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढलेली ही चिमुकली वस्तू आपल्याकडे १९८० च्या दशकात घरोघर शिरली. पाकिटाची जागा सुमारे दहा सेंटिमीटर उंच आणि साडेसहा सेंटिमीटर रुंद अशा कागदाने घेतली. हिशेब केला तर लाँगप्लेच्या दर्शनी भागाचा हा जेमतेम पंधरावा हिस्सा. एवढ्या जागेत बंदिशीचे बोल आणि घराण्याची हकीकत कोठून मावणार? राहिले ते दैवताचे किंवा गायकाचे चित्र, ठळक नाव आणि रंग. रंग मात्र फार बोलू लागला. शिवरायांच्या गीतांना भगवा, खंडोबाच्या गाण्यांना भंडाऱ्याचा पिवळा, भीमगीतांना निळा. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या संस्थांनी अभिजात संगीताच्या ध्वनिफिती चोखंदळपणे काढून जाणत्या श्रोत्याचा मान राखला. तर गुलशनकुमार यांच्या टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी किंमत उतरवून बाजार सर्वांना खुला केला.

या स्वस्ताईला नाके मुरडणारे होते आणि आहेत. पण तिने केलेले एक मोठे काम विसरता येत नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, वामनदादा कर्डक यांच्या कंठातील आणि लेखणीतील भीमगीते ज्या समाजाची होती, त्या समाजाच्या हातात ती पडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी भरणाऱ्या मेळाव्यात पुस्तकांच्या शेजारी गाण्यांच्या ध्वनिफितीही मांडल्या जाऊ लागल्या. त्यांची जाहिरात कोणत्या वर्तमानपत्रात नव्हती. जयंतीची मिरवणूक आणि त्या मेळाव्यातील दुकान हीच जाहिरात. 'अमॅच्युअर' या शब्दाने ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांच्यासाठी आता दाराची आवश्यकता उरली नाही. आषाढी, गणेशोत्सव, नवरात्र आणि १४ एप्रिल या तिथी धरून गाणी काढण्याची रीतही याच काळात पक्की झाली.

आता तर कागदही गेला. गाणे भ्रमणध्वनीवर येते आणि त्याचे वेष्टन अंगठ्याच्या पेराएवढ्या चौकटीत सामावते. कवी कोण, तबलजी कोण, वर्ष कोणते, हे शोधल्याशिवाय सापडत नाही, आणि सापडले तरी खरे असेलच असे नाही. नाव नसलेले गाणे परके होण्यास एक पिढी पुरते. जेथे चहूबाजूंना मराठी वातावरण आहे तेथे एखाद्या पदाचे नाटक न कळले तरी शेजारचा कोणी सांगतो. येथे मरोद्यात वाढणाऱ्या मुलाला ते कोण सांगणार? अंगरखा उतरला तर त्याच्या लेखी नाट्यपद, भावगीत आणि अभंग हे सारे 'आजीची जुनी गाणी' या एकाच सदरात जमा होतात.

या संदर्भात ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण वेष्टनाची आठवण द्यावीशी वाटते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्या दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि तीत भारताच्या वतीने गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर भैरवी गात आहेत. याने निघाली त्याच वर्षी, १६ सप्टेंबरला, केसरबाई निवर्तल्या. या तबकडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वेष्टनावर गायिकेचे चित्र नाही, कोणत्याही भाषेतील अक्षर नाही. कारण श्रोता कोण हेच ठाऊक नाही. तरीही तीन गोष्टी रेखाकृतींनी कोरल्या आहेत. ही वाजवावी कशी. ही आली कोठून, म्हणजे चौदा स्पंदक ताऱ्यांच्या संदर्भाने आपल्या सूर्याचे ठिकाण. आणि ही निघाली केव्हा, याचा काळ मोजण्यासाठी युरेनियमचा एक लेप. सजावट सारी गळून पडली तरी वेष्टनात हे तीन शब्द उरलेच पाहिजेत, असा याचा अर्थ. कसे, कोठून, केव्हा.

मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षी ही तीनच माहिती आपण आपल्या घरच्या गाण्यांना देऊ शकतो. मरोद्यातील कितीतरी कपाटांत अशा ध्वनिफिती असतील की ज्यांच्यावर एक तर काही लिहिलेले नाही, किंवा नुसते 'गणपती' एवढेच लिहिले आहे. त्यांत कोणाच्या आजीच्या ओव्या असतील, कोणाच्या वडिलांनी उत्सवात म्हटलेले पद असेल, पेटी कारखान्यातील एखाद्या सहकाऱ्याने धरली असेल. त्या फितींना कोणतीही कंपनी पाकीट शिवणार नाही. फितीवरील लोहकणांचा थर काळाने झिजतो आणि आवाज ओळखणारी माणसेही थकत चालली आहेत. तेव्हा प्रत्येकाने घरच्या फिती काढाव्यात, वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून त्या एकदा ऐकाव्यात, नव्या साधनांवर उतरवून घ्याव्यात आणि सोबत कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहावे : कोणी म्हटले, रचना कोणाची, साथ कोणाची, प्रसंग कोणता, ठिकाण मरोदा, आणि वर्ष. चित्र काढता आले तर उत्तमच. न आले तरी अडत नाही. मंडळाने अशा कागदांची एक वही करावी. तिला अल्बम म्हणा वा पोथी म्हणा, पुढील पिढीने आपले गाणे ओळखावे यासाठी एवढा अंगरखा आपल्या हातून शिवला जाणे अगत्याचे आहे.